गुडगुडीची कडी

गेल्या आखाजीला माहेरी गेले होते. खान्देशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. बाकीचा महाराष्ट्र अक्षय्य तृतीयेला सोनं घेतो. आमच्याकडे लेकी माहेरी येतात, निंबाच्या झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात आणि सांजोऱ्या-रसपोळीवर ताव मारतात. आता पन्नाशी उलटली. झोक्यावर बसले की डोकं गरगरतं! पण आई आहे तोवर आखाजी चुकवायची नाही, हे मी मनाशी ठरवून टाकलंय.

माझं माहेर रनाळे. नंदुरबार तालुक्यातलं, सुरत-भुसावळ रेल्वेलाइनच्या पट्ट्यातलं गाव. मी लहान होते तेव्हा आमचा सगळा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १९९८ मध्ये. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, गावात सोनारकाम करायचे. दुकान कसलं! ओसरीवरच एक शेगडी, एक ऐरण, लाकडी पेटीत हत्यारं आणि बसायला पोतं. जोडवी सैल करायची, तुटलेली साखळी डागून द्यायची, होळीच्या आधी सातपुड्याकडून येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या चांदीच्या वाक्या उजळून द्यायच्या, असं बारीकसारीक काम. आप्पा २००४ मध्ये गेले. भाऊ सुरतेला नोकरीला. मागे उरली आई आणि ती लाकडी पेटी.

या खेपेला भावाने घराचे पत्रे बदलायचं काढलं होतं. म्हणून माळा रिकामा करायचा होता. जुनी पितळी भांडी, फुटका पाळणा, दोन मुसळं, असं काय काय खाली आलं. शेवटी एका जुन्या धोतरात गुंडाळलेली वस्तू आली. गाठ सोडली आणि मी तिथेच मटकन बसले. आप्पांची गुडगुडी!

"आत्या, हुक्का!" माझा भाचा ओरडला. कॉलेजात शिकतो. त्याने लगेच मोबाइलवर चार फोटो काढले. "मस्त आहे! शोकेसमध्ये ठेवू या."

भाऊ म्हणाला, "शोकेस कसली? नारळ तडकलाय. पितळ तेवढं काढून भंगारात देऊन टाकू."

आई खाटेवर बसून होती. काहीच बोलली नाही.

नारळाची गुडगुडी

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या तरुण मुलींनी गुडगुडी पाहिलीही नसेल. म्हणून थोडक्यात सांगते. एक चांगला घट्ट, वाळलेला नारळ घ्यायचा. डोळ्याच्या बाजूने भोक पाडून आतलं खोबरं कोरून काढायचं. वरून लाकडाची पोकळ नळी बसवायची, नळीच्या डोक्यावर मातीची चिलीम. नारळात अर्धं पाणी. चिलमीत खडा, त्यावर गुळात मळलेली तंबाखू, वर निखारे. नारळाच्या बाजूला एक छोटं भोक असतं, तिथून ओढलं की धूर पाण्यातून गुडगुड करत वर येतो. म्हणून ती गुडगुडी. हुक्का श्रीमंतांचा, गुडगुडी गरिबाची.

नारळ बाजारातला, नळी सुताराची, चिलीम कुंभाराची. मग सोनाराचं त्यात काय काम? तर कड्या बसवण्याचं. नारळ आणि नळी जिथे मिळतात तिथे एक रुंद कडी, नळीच्या मध्यावर एखादी, चिलीम बसते तिथे एक. ऐपत असेल तर चांदीची, नाहीतर पितळेची. गावातली म्हातारी माणसं आप्पांकडे गुडगुडी घेऊन यायची. सारंगखेड्याची दत्ताची यात्रा जवळ आली की हे काम वाढायचं. यात्रेत चार पाहुण्यांसमोर आपली गुडगुडी चमकली पाहिजे ना!

मला वाटायचं, हा नुसता थाट आहे. बाईने पाटल्या घालाव्यात, तशा गुडगुडीला कड्या. आप्पा म्हणायचे, तसं नाही. कडी आधी कामाची, मग शोभेची. लाकूड फाटतं ते टोकाकडून. नळीत नळी ठोकून बसवली की टोकाला ताण येतो आणि उभी चीर जाते. बाहेरून कडी असेल तर लाकडाला फाकायला जागाच उरत नाही.

आपल्या घरातलंच बघा ना. मुसळाच्या टोकाला लोखंडी वसवी असते. विळ्याच्या मुठीला, जिथे पातं आत शिरतं, तिथे कडी असते. काठीच्या टोकाला शेंबी असते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव असते. सगळ्यांचं काम एकच, लाकडाला फुटू न देणं. हे आपण रोज हाताळतो, पण लक्ष जात नाही.

मी कशी शिकले

आमच्याकडे मुलींना शेगडीजवळ बसवत नसत. हत्यारं मुलाच्या हातात द्यायची, ही रीत. पण भाऊ लहान, आणि आप्पांना फुंकणी धरायला कुणीतरी लागायचं. मग हाक यायची, "आठे बठ व माय, फुंकनी धर." आमच्या अहिराणीत बाप लेकीला लाडाने 'माय' म्हणतो. मी दहा-अकरा वर्षांची असेन. बसता बसता बघत गेले आणि बघता बघता शिकले.

कडीचं माप घेणं हे पहिलं काम. कागदाची अरुंद पट्टी नळीभोवती घट्ट गुंडाळायची. जिथे कागद कागदावर चढतो तिथे सुईने टोचायचं, म्हणजे दोन्ही थरांना भोक पडतं. पट्टी उलगडली की दोन भोकांमधलं अंतर हा नळीचा घेर. आज मी ब्लाउज शिवते, बाहीच्या पट्टीचं माप घेताना दरवेळी मला ती सुई आठवते. फरक एवढाच की ब्लाउजला आपण दोन बोटं सैल धरतो, कडीला केसभर कमी धरायचं. जरा दाबून बसली तरच ती धरून ठेवणार.

मग पत्र्याची पट्टी कापायची आणि तापवून मऊ करायची. इथे एक गंमत आहे. विळा-कोयत्याचं पोलाद लाल करून पाण्यात टाकलं की कडक होतं. चांदी-तांब्याचं उलटं! लाल करून पाण्यात टाकलं की ती मऊ पडतात. ठोकून ठोकून पुन्हा ताठ होतात, मग पुन्हा तापवायचं. ओसरीवर आप्पा मुद्दाम पडदा ओढून घ्यायचे, कारण उजेडात लाली दिसत नाही आणि पट्टी वितळून जाते.

मऊ झालेली पट्टी लोखंडी गजावर वाकवायची. दोन्ही टोकं कानशीने अशी घासायची की एकमेकांना लावून उजेडासमोर धरलं तर मधून प्रकाश दिसता कामा नये. सांध्याला टाकणखार लावायचा, त्यावर झाळणाचे बारीक तुकडे ठेवायचे आणि दिव्याच्या ज्योतीवर फुंकणीने फुंकर घालायची. सगळी कडी सारखी तापली पाहिजे. झाळण जिकडे जास्त ऊब असेल तिकडे पळतं. घाई केली की ते एका बाजूला वाहून जातं आणि सांधा रिकामा राहतो. बरोबर जमलं की चांदीची एक रेघ क्षणात सांध्यात शिरते. तो क्षण पाहायला मी श्वास रोखून बसायची... आणि फुंकायचं विसरायची!

कडी काळी पडते. ती चिंचेच्या पाण्यात उकळून घासली की पुन्हा उजळते. मग शोभेचं काम. दोन बारीक तारा एकत्र पिळून कडीच्या काठावर डागल्या की दोरीसारखी कड दिसते. मध्ये ठशाने वेल किंवा गव्हाच्या ओंबीची नक्षी. एवढं सगळं झाल्यावर मगच कडी गुडगुडीवर चढवायची.

"आधी चढवून मग डाग का नाही देत?" मी एकदा विचारलं होतं. आप्पा हसले. झाळण वितळायला लागते तेवढी आग लाकूड किंवा नारळ सोसेल का? कोळसा होईल. म्हणून कडी बाहेरच पूर्ण करायची. चाकाची धाव लोहार लालबुंद तापवून चाकावर घालतो आणि लगेच पाणी ओततो, ती आकसून चाकाला आवळते. चाकाचं जाड लाकूड तेवढा चटका सोसतं. नारळाच्या कवटीला ते लाड नाहीत. म्हणूनच माप केसाएवढं अचूक लागतं. सैल झाली तर आत थोडी लाख भरायची, कडी कोमट करून दाबायची. पण लाखेवर भिस्त ठेवणारा कारागीर आप्पांना आवडायचा नाही.

आणखी एक नियम होता त्यांचा. कडी शक्यतो वैशाखात बसवायची. लाकूड उन्हाळ्यात सुकून आकसतं, पावसाळ्यात फुगतं. आपली दारं पावसाळ्यात घट्ट होतात, तसंच. वैशाखात घट्ट बसवलेली कडी पावसाळ्यात आणखी घट्ट होते. पावसाळ्यात बसवलेली वैशाखात गळून पडते. मुसळाची वसवी उन्हाळ्यात निघून येते, तेव्हा आई मुसळ रात्रभर पाण्यात भिजत घालायची, ते याचसाठी.

हात कुणाचा?

चौदाव्या वर्षी मी एक अख्खी कडी एकटीने केली. पितळेची, पिळाच्या तारेची कड असलेली. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याची गुडगुडी होती. त्यांना कडी इतकी आवडली की त्यांनी ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त दिला. "सोनारदादा, हात आहे तुमचा!" म्हणाले.

आप्पा काही बोलले नाहीत. मी दाराआड उभी होते. त्यांनी रुपया घेतला आणि खिशात टाकला.

संध्याकाळी मी जेवले नाही. आई समजावत राहिली, "अगं, पोरीने केलं म्हटलं तर उद्या कोण येईल आपल्याकडे?" तिचंही खरं होतं. पण तो एक रुपया मला फार वर्षं टोचत राहिला. अठराव्या वर्षी लग्न झालं. सासरी शेगडी होती ती फक्त चहा-भाजीची. हत्यारं माहेरी राहिली आणि माझा हातही तिथेच राहिला, असं वाटायचं.

गेल्या आखाजीला माळ्यावरून खाली आलेल्या गुडगुडीवर तीन कड्या होत्या. त्यातली मधली पिळाच्या तारेची होती. मी ओळखली. पण ही तर त्या शेतकऱ्याची नव्हे, ही आप्पांची स्वतःची गुडगुडी!

आईने तेव्हा कुठे तोंड उघडलं. मी सासरी गेल्यावर काही वर्षांनी तो शेतकरी वारला, त्याच्या मुलाने सामान मोडीत काढलं. आप्पांनी ती कडी मोडीच्या भावाने परत विकत घेतली आणि स्वतःच्या गुडगुडीला बसवली. नळी जाड होती, तर नळी तासून घेतली. कडी नाही कापली. यात्रेत कुणी विचारलं तर सांगायचे, "हाई मनी पोरनी करेल शे."

मला आधी का नाही सांगितलं? आईला विचारलं, तर म्हणाली, "बापाला कुठं बोलता येतं?"

सोन्याची झाली तरी

भाचा तेवढ्यात मोबाइलवर परदेशी पाइप दाखवू लागला. ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाजवळच्या गाठीपासून केलेले, हाताने कोरलेले, दांडीवर चांदीची पट्टी चढवलेले. तिकडेही दांडी तडकली की दुरुस्तीसाठी अशीच कडी बसवतात, आणि नवीन पाइपवर शोभेसाठीही. कुठे आयर्लंड, कुठे रनाळे! कारागिराचं डोकं मात्र सारखंच चालतं.

या थाटाचं आपल्या देशातलं एक जुनं वर्णन तर आपल्या दख्खनशीच जोडलेलं आहे. तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली. अकबर बादशहाचा असद बेग नावाचा अधिकारी १६०४-०५ च्या सुमारास विजापूरहून परतला, तेव्हा त्याने बादशहासाठी तंबाखू आणि एक देखणा हुक्का नेला. त्याने लिहून ठेवलंय की नळी तीन हात लांब होती, तिची दोन्ही टोकं रत्नांनी आणि मीनाकामाने मढवलेली होती, तोंडाशी यमनी अकीक बसवलेला होता. बादशहाने दोन-चार झुरके घेतले. हकिमाने मात्र विरोध केला. पुढे जहांगीर बादशहाने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदीचं फर्मान काढलं. पण तोपर्यंत ती घराघरांत पोचली होती.

वाचताना माझ्या मनात आलं, त्या हुक्क्याच्या टोकांना कड्या घालणारा कुणी सोनारच असेल ना? त्याने वस्तू इतकी सुंदर केली की आत काय आहे याकडे कुणी बघेना!

आप्पांना घशाचा कॅन्सर झाला होता. आधी आवाज बसला. आम्हाला वाटलं, सर्दी असेल. मग गिळताना त्रास होऊ लागला. सुरतेला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काय ओढतात?" भाऊ म्हणाला, "बिडी-सिगारेट नाही हो, नुसती गुडगुडी. पाण्यातून गाळून येते." डॉक्टरांनी मान हलवली. पाण्याने धूर थंड होतो, विष गाळलं जात नाही. उलट थंड लागतो म्हणून माणूस छातीभरून ओढतो. जागतिक आरोग्य संघटनेने म्हटलंय की तासभर हुक्का ओढणाऱ्याच्या छातीत एका सिगारेटच्या शंभर ते दोनशे पट धूर जाऊ शकतो. आपल्या राज्यात २०१८ मध्ये हुक्का पार्लरवर बंदी आली ती उगीच नाही. पण आमच्या ओसरीवरच्या गुडगुडीला कोण पार्लर म्हणणार?

म्हणून भाच्याला म्हटलं, "बाळा, शोकेसमध्ये नको. उद्या तुझी मुलं विचारतील, आजोबांची छान वस्तू आहे, आपण वापरून बघू या का? तेव्हा काय सांगशील?"

भाऊ म्हणाला, "मग भंगारात?"

"ईकू नको," आई पटकन म्हणाली.

आईची डबी

त्या दुपारी सगळे झोपले असताना आई न्हाणीजवळ बसली होती. तर्जनीने दातांना मशेरी लावत. जुनी पितळी डबी शेजारी.

मी कितीतरी वर्षं हे बघत आले. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, घरभर ठसका, मग कुटून डबीत. सकाळी एकदा, दुपारी एकदा, रात्री एकदा. "दात साफ होतात," असं म्हणतात सगळ्या. आमच्या गल्लीत निम्म्या बायका लावायच्या. गुडगुडी पुरुषांची म्हणून चारचौघांत, चकचकीत कड्या घालून. बाईची तंबाखू न्हाणीजवळ, पदराआड. तिच्या व्यसनाला व्यसनही म्हणत नाहीत!

तिच्या शेजारी बसले. म्हटलं, आई, तोंड उघड बघू. गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा होता. माझ्या छातीत धस्स झालं.

"कधीपासून आहे?"

"व्हई वरीसभर. दुखत नही."

दुखत नाही, म्हणून सांगितलं नाही. आप्पांचा आवाजही दुखत नव्हता.

मग हळूच म्हणाली, "चाळीस वरीस मीच चिलीम भरी." खरंच, निखारे फुंकून चिलीम पेटवायची ती आई. पहिला धूर तिच्या तोंडावर. आप्पा गेले तेव्हा सगळ्यांनी विचारलं, त्यांना काय झालं होतं. तिच्या छातीचं, तिच्या तोंडाचं काय, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. कड्यांचं इतकं कौतुक असलेली मी!

दुसऱ्या दिवशी तिला नंदुरबारला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. ते आठ दिवस कसे गेले, मला माहीत. रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असे चट्टे पुढे कॅन्सरकडे वळू शकतात. मशेरी आजच बंद, आणि दर काही महिन्यांनी तोंड दाखवायला यायचं.

आई म्हणाली, "आते या वयात काय बंद करू?"

काठीला शेंबी

तिची काठी तिच्या खाटेला टेकून ठेवली होती. टोकाला चीर गेलेली, सुतळी गुंडाळलेली. ओल्या फरशीवर घसरायची. मी म्हटलं, "काठीला कडी बसवून देते. पण बदल्यात डबी मला."

ती बराच वेळ काठीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुनी कडी लाव. मधली."

आप्पांची पेटी उघडली. कानस गंजली होती, पण चालण्याजोगी होती. गुडगुडीवरच्या तिन्ही कड्या हाताने सहज निघाल्या. निघणारच. वीस वर्षं नारळात पाणी नव्हतं, सगळं सुकून आकसलं होतं.

कडीचं माप काठीपेक्षा बारीक होतं. भाऊ म्हणाला, कडी काप आणि तुकडा जोड. आप्पांनी कडी कापली नव्हती, मग मी कशी कापू? काठीचंच टोक बोटभर तासलं. थोडं तासायचं, कडी लावून बघायची, पुन्हा थोडं. लाकूड जास्त गेलं तर परत लावता येत नाही. तासाभराने कडी टोकावर अर्धी चढली आणि थांबली. मग वर लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोकत पुरती बसवली. काठीचं लाकूड कडीच्या बाहेर किंचित येऊ दिलं आणि त्यावर रबरी टोपी घातली, म्हणजे घसरायला नको. पितळ चिंचेने घासलं. पिळाची तार पुन्हा दिसू लागली.

वैशाखच होता. पावसाळ्यात आणखी घट्ट होणार, हे माहीत होतं.

डबी लगेच मिळाली असं समजू नका! दोन दिवस आई चिडचिड करत होती. तिसऱ्या दिवशी शेजारणीकडून चिमूटभर मागून लावली, मला कळलं. मी ओरडले नाही. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, इतक्या वर्षांची सवय एका दिवसात जात नाही. मशेरीची वेळ झाली की तिच्या हातात बडीशेप द्यायची, सकाळी साधं दंतमंजन, असं सुरू केलं. आषाढात फोन केला तर म्हणाली, पंधरा दिवसांत एकदाच लावली. दिवाळीला गेले तेव्हा डबी तिने स्वतःहून माझ्या हातात ठेवली. रिकामी, घासून लख्ख केलेली. मी त्यात सुया-बटणं ठेवते.

राहिलेल्या दोन कड्या? एक भाऊ घेऊन गेला, विळ्याच्या फाटलेल्या मुठीला लावतो म्हणाला. दुसरी भाच्याला दिली. तो आता मला फोनवर विचारत असतो, आत्या, टाकणखार कुठे मिळतो? झाळण कसं वितळवायचं? त्याला शिकवणार आहे. आणि कुणी विचारलं तर तो काय सांगेल, तेही मी त्याच्याकडून पाठ करून घेतलंय... आत्याने शिकवलं!

नारळ आणि नळी आईने चुलीत घातली. मला बोलवलंही नाही.

मैत्रिणींनो, एवढं करा

• मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती दात साफ करत नाही, हिरड्या आणि तोंड खराब करते. धूर नसलेल्या तंबाखूनेही कॅन्सर होतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, म्हणजे दर चौघांमागे एकाहून जास्त. त्यात आपल्या आया-सासवाही आहेत.

• महिन्यातून एकदा आरशासमोर, उजेडात तोंड तपासा. गाल, जीभ, जिभेखाली, हिरड्या. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका.

• तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. पैसे लागत नाहीत.

• आणि हो, घरातल्या काठीला शेंबी आहे ना, तेही बघून घ्या. नसेल तर पावसाळ्याच्या आधीच बसवून टाका!